यंत्र ऐकवते, मेंदू ऐकायला शिकतो

कॉक्लिअर इम्प्लांटवरील वैज्ञानिक परिषदांत कानाचे शल्यविशारद असतात, विद्युत अभियंते असतात आणि कर्णबधिर मुलांना शिकवणारेही असतात. शस्त्रक्रियेच्या विषयात शिक्षकाचे काय काम? उत्तरासाठी आपण ऐकतो कसे, ते आधी पाहू.

आंतरकर्णात गोगलगाईच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची नळी असते. ती म्हणजे कॉक्लिआ. उंच स्वरांनी तिच्या सुरुवातीचा भाग अधिक कंप पावतो, तर खालच्या स्वरांनी टोकाचा. तिथल्या केशपेशी या कंपनांचे विद्युतसंदेश बनवतात आणि चेतातंतू ते मेंदूकडे नेतात. माणसाच्या केशपेशी नष्ट झाल्या की पुन्हा येत नाहीत. त्या फारच कमी उरल्या, तर आवाज मोठा करणाऱ्या श्रवणयंत्राचाही फारसा उपयोग होत नाही. चेतातंतू मात्र बहुधा शाबूत असतात.

मग त्यांनाच थेट विद्युतसंदेश दिला तर? पॅरिसमध्ये १९५७ साली जूर्नो आणि एरीएस यांनी तसा प्रयोग केला. १९७८ साली मेलबर्न येथे ग्रॅएम क्लार्क यांच्या गटाने अनेक इलेक्ट्रोडचे उपकरण एका प्रौढाच्या कानात बसवले. अशा उपकरणात बाहेरचा मायक्रोफोन आवाज टिपतो. त्याचे उंच-खालच्या स्वरांनुसार पट्टे पाडले जातात आणि प्रत्येक पट्ट्याचा संदेश कॉक्लिआतील ठरावीक इलेक्ट्रोडला मिळतो.

निरोगी कॉक्लिआत संदेश पाठवणाऱ्या मुख्य केशपेशी सुमारे ३,५०० असतात. इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड साधारण १२ ते २२. म्हणजे बोटांऐवजी पंजाने पेटी वाजवण्याचाच प्रकार! तरी बोलणे कळते कसे?

वर्गात एक प्रयोग करा. एखादे गाणे कुजबुजत म्हणा. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत. चाल हरवते, पण शब्द कळतात. १९९५ साली अमेरिकेत रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी बोलण्याचे अवघे चार पट्टे करून ते खरखरीच्या रूपात ऐकवले. सरावानंतर श्रोत्यांना ते बरेचसे समजले. गाळलेल्या जागा मेंदूने भरल्या.

पण जागा भरायला भाषा आधी यावी लागते. बोलायला शिकल्यावर बहिरेपण आलेला प्रौढ नवे आवाज जुन्या आठवणींशी जुळवतो. जन्मापासून ऐकू न आलेल्या बाळाकडे अशी शिदोरी नसते. मेंदूची ऐकण्याची घडण प्रामुख्याने पहिल्या काही वर्षांत होते. म्हणून निदान लवकर व्हायला हवे. शस्त्रक्रियेनंतरही आवाज ओळखण्याचा, त्यांना अर्थ जोडण्याचा सराव महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे करावा लागतो. तोवर मूल भाषेवाचून राहता कामा नये. खुणांची भाषा हीदेखील परिपूर्ण भाषाच आहे.

इम्प्लांट असलेल्या मुलाला गोंगाटात ऐकणे फार अवघड जाते, कारण मोजक्या पट्ट्यांत सारे आवाज मिसळतात. असे मूल आपल्या वर्गात असेल तर त्याला पुढे बसवावे, फळ्याकडे तोंड करून बोलू नये, प्रश्न विचारल्यावर उत्तराला वेळ द्यावा. शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. ऐकायला शिकणे पुढे वर्गात चालू राहते, आणि तिथे शल्यविशारद नसतो, आपण असतो.