लोखंडी सांगाड्यावर सागवानी फळी
लोखंडी चौकोनी पाइपच्या सांगाड्यावर सागवानी टेबल बनवून घेताय? मग फॅब्रिकेटरला आधीच सांगा: फळीच्या स्क्रूंसाठी भोकं गोल नकोत, फळीच्या रुंदीच्या दिशेनं लांबट हवीत. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लांबीला जवळजवळ हलत नाही. स्क्रू गोल भोकात करकचून आवळला की फळी जाणार कुठे? तडकते. माझ्या पहिल्या टेबलाला मे महिन्यात वीतभर चीर गेली, नख आत जाईल एवढी. फार जिवाला लागलं होतं. आता लांबट भोक, रुंद वॉशर आणि बेताचा आवळलेला स्क्रू. तीन पावसाळे झाले, फळी शाबूत आहे!

फळी सागाऐवजी बाभळीची असेल तर पितळी स्क्रूच घ्या. बाभळीतलं टॅनिन ओलाव्यात लोखंडाला लागलं की काळे डाग पडतात.