जुन्या एसएसडीचा सातबारा

जुनी वस्तू घेताना प्रथम तिचे वय विचारावे, ही आपल्याकडील रीत शिलाई यंत्रापासून मोटारीपर्यंत बहुधा उपयोगी पडते. परंतु गेम खेळण्याच्या संगणकासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अथवा ओळखीतल्या एखाद्या मुलाकडे वापरलेली एसएसडी पाहावयास जो जातो, त्याने हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवून, हिच्यावर आजवर लिहिले किती गेले, एवढेच आधी विचारावे, असे आमचे मत आहे.

तोशिबा कंपनीतील जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी 1987 साली जगासमोर मांडलेली नॅन्ड फ्लॅश स्मृती हा या वस्तूचा गाभा होय. तिच्या प्रत्येक सूक्ष्म कोशात विद्युतरोधक थराआड इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात आणि ते किती कोंडले आहेत यावरून माहिती वाचली जाते. नुसत्या वाचनाने त्या थरास इजा म्हणावी अशी होत नाही; परंतु जुने पुसून नवे लिहावयाचे झाले, की मोठ्या विद्युतदाबाने इलेक्ट्रॉन त्या थरातून आरपार ढकलावे लागतात, आणि या नित्याच्या ये-जा करण्यात तो थर क्षीण होत जातो. कोशागणिक एकच बिट ठेवणारी पूर्वीची स्मृती असे सुमारे 1,00,000 फेरे सोशी. तीन बिट कोंबणारी हल्लीची टीएलसी हजार ते तीन हजारांवर थकते, आणि चार बिटांची क्यूएलसी साधारणतः त्याच्याही अलीकडे.

हे आकडे ऐकून छाती दडपण्याचे मात्र कारण नाही. सॅमसंगच्या 970 ईव्हो प्लस या 1 टीबीच्या एसएसडीस कंपनीने पाच वर्षे किंवा 600 टीबी लेखन, यांपैकी जे आधी भरेल तेथवर हमी दिली होती. ‘बाल्डर्स गेट 3’सारखा 150 जीबी जागा मागणारा गेम घेतला, तर तो चार हजार वेळा पुसून पुन्हा चढवावा तेव्हा कुठे ही मर्यादा गाठली जाईल, आणि एवढा रिकामटेकडा खेळाडू आमच्या तरी पाहण्यात नाही. गेम एकदा चढवला आणि अधूनमधून अपडेट घेतले, की पुढे केवळ वाचनच. एसएसडीच्या नशिबी याहून सौम्य चाकरी क्वचितच येते. 2013 ते 2015 या काळात ‘टेक रिपोर्ट’ या अमेरिकी प्रकाशनाने सहा एसएसडींवर अखंड लेखन चालवून त्यांचा अंत पाहिला, तेव्हा अवघ्या 240 ते 256 जीबीच्या त्या सहाही 700 टीबीपर्यंत तगल्या आणि सॅमसंगची 840 प्रो तर 2400 टीबीपर्यंत पोहोचली. त्यांतली इंटेलची 335 प्रकृतीने धडधाकट दिसत असता, केवळ स्वतःच्याच हिशेबाप्रमाणे मुदत भरली म्हणून मिटून बसली, ही गंमत वेगळी! अर्थात त्यांतील बहुतेकांचे कोश दोन बिटांचे होते, तेव्हा आजच्या क्यूएलसीने या दाखल्यावर फार मिजास करू नये.

जमीन घेणारा जसा सातबाऱ्याचा उतारा पाहिल्यावाचून इसार देत नाही, तसा एसएसडी घेणाऱ्याने तिच्यातच नमूद असलेल्या ‘स्मार्ट’ या नोंदींचा उतारा मागावा. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम दुकानदाराच्याच लॅपटॉपवर उघडला, की प्रकृतीची टक्केवारी, एकूण लेखन, चालू राहिलेले तास, किती वेळा वीज अचानक गेली आणि माहितीत किती दोष सापडले, हे सारे पडद्यावर येते. अचानक वीज जाण्याचा आकडा मोठा दिसला, तर आपल्याकडील भारनियमन स्मरून त्याकडे थोडा कानाडोळा करावा. परंतु दोषांच्या रकान्यात शून्याखेरीज काहीही असेल, तर भाव कितीही पाडून मिळो, सौदा मोडावा. तास थोडे आणि लेखन मात्र शेकडो टीबी, असा विसंगत हिशेब दिसल्यास 2021 सालच्या चिया या आभासी चलनाची आठवण ठेवावी: त्याचा सुमारे शंभर जीबीचा एक ‘प्लॉट’ तयार करताना एक टीबीहून अधिक तात्पुरते लेखन होई, आणि त्या हव्यासापायी पुष्कळ एसएसडी अल्पावधीत जर्जर झाल्या.

उताऱ्यातही फेरफार होऊ शकतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. कंट्रोलरवर नव्याने फर्मवेअर चढवून सारे रकाने कोरे करणारे लोक आहेत, तसेच 128 जीबीच्या मालावर 1 टीबीचे लेबल डकविणारेही आहेत. यास्तव मूळ बिल मागावे, सीरियल नंबर घालून कंपनीच्या संकेतस्थळावर हमीची मुदत पाहावी, आणि परत करण्याची सवलत आहे तोवरच ‘एच2टेस्टडब्ल्यू’ या प्रोग्रॅमने संपूर्ण जागा एकदा भरून परत वाचून घ्यावी, खोटी क्षमता येथे हटकून उघडी पडते.

अशा एसएसडीवर गेम ठेवावेत, कुटुंबाची छायाचित्रे व दस्तऐवज नव्हेत. जेडेक या संस्थेच्या मानकाप्रमाणे, हमीइतके लेखन होऊन गेलेल्या घरगुती एसएसडीने 30 अंश सेल्सियसला विजेवाचून एक वर्ष माहिती राखावी एवढीच अपेक्षा आहे, आणि नागपूरच्या मे महिन्यातले कपाट 30 अंशांवर थांबत नाही. गेमचे तसे नसते. एसएसडी मेली तरी तो स्टीमवरून पुन्हा उतरवता येतो, आणि खेळातील प्रगतीची नोंद पुष्कळदा विंडोजच्या सी ड्राइव्हमध्ये असते. म्हणून विंडोज नव्या एसएसडीवर आणि गेम जुनीवर, ही वाटणी उत्तम.

राहता राहिला मदरबोर्डावरील खाचेचा प्रश्न. एम.2 आकाराच्या साटा आणि एनव्हीएमई अशा दोन्ही एसएसडी दिसण्यात जवळजवळ सारख्या, परंतु एकीचा वेग सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास अडतो, तर दुसरी साडेतीन हजारांवर सहज जाते, आणि प्रत्येक खाच दोघींनाही थारा देतेच असे नाही. मदरबोर्डाची माहितीपुस्तिका पाहूनच बाजाराची वाट धरावी. एसएसडी जागेवर धरून ठेवणारा तो बारीक स्क्रू बहुधा मदरबोर्डाच्या डब्यातून येतो. डबा हरवला असेल, तर पैसे देण्यापूर्वीच तो दुकानदाराकडे मागावा. नंतर तो सहसा सापडत नाही.