खोलीत मावेल एवढं खानापूर

बीदरहून भालकीकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की थोड्याच वेळात खानापूर येतं. बेळगावकडचं खानापूर वेगळं, हे आपलं. बहुतेक प्रवासी या स्टेशनवर मानही वर करत नाहीत. पण रुळांकडे बघणाऱ्याला इथे थांबावंसं वाटतं. मागे बीदर आणि त्यापलीकडे जहीराबाद, विकाराबाद, म्हणजे तेलंगण. पुढे भालकी, कमलनगर आणि हद्द ओलांडली की उदगीर, लातूर रोड, परळी. तिसरा फाटा हळ्ळीखेड, हुमनाबादवरून कलबुर्गीला निघतो. तीन राज्यांचे प्रवासी या एका छोट्या जंक्शनवरून जातात, आणि तेही एकेरी मार्गावरून.

बीदरच्या मैलूरमध्ये किंवा या टापूत कुठेही घरी लहान रेल्वे उभी करायची इच्छा असणाऱ्याला माझा आग्रह एकच आहे: बर्फाचे डोंगर आणि लाल कौलांची युरोपातली खेडी परदेशी कंपन्यांच्या पेटीत आयती मिळतात, ती तिथेच राहू द्यावीत आणि खानापूर बांधावं. जे स्टेशन आपण डोळ्यांनी बघतो, पावलांनी मोजतो, त्याचंच मॉडेल जिवंत होतं.

या मार्गाला इतिहासही भरपूर आहे. वाडी-सिकंदराबाद हा निजामाच्या राज्यातला पहिला लोहमार्ग १८७४ साली सुरू झाला. त्यावरच्या विकाराबादहून फाटा काढून १९३० मध्ये रूळ बीदरला आले आणि १९३२ मध्ये परळी वैजनाथपर्यंत गेले. कलबुर्गी मात्र बीदरच्या इतकं जवळ असूनही रेल्वेने फार लांब राहिलं. बीदर-कलबुर्गी हा सुमारे ११० किलोमीटरचा मार्ग पूर्ण होऊन २९ ऑक्टोबर २०१७ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तोवर पिढ्यान्‌पिढ्या लोक एसटीने किंवा मोठा वळसा घालून जात होते. दोन काळांत घातलेले रूळ खानापूरला एकत्र येतात, म्हणून मॉडेलसाठी ते मला बीदरपेक्षाही सरस वाटतं.

हा छंद तसा जुना. जर्मनीच्या मार्क्लिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांवर चालणारी, हवी तशी वाढवता येणारी खेळण्यातली रेल्वे मांडली. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबीच्या गाड्या १९२० मध्ये आल्या. हॅम्बुर्गचं मिनिआटुर वुंडरलांड २००१ मध्ये उघडलं आणि आज तिथे रोज रांगा लागतात. मराठी माणसाला एवढं लांब जायचं कारण नाही. पुण्यात कोथरूडला, कर्वे रस्त्यावर भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. एका माणसाच्या आयुष्यभराच्या छंदातून उभं राहिलेलं ते अख्खं शहर आहे: धूर सोडणारं वाफेचं इंजिन, सिग्नल, पूल, आणि दिवे मालवल्यावर उजळणारी घरं. पुण्याला जाणाऱ्याने तिथे जावंच, आणि गाड्यांइतकंच लक्ष रूळ कसे घातलेत, वळणं किती सैल आहेत, गाड्या कुठे दिसेनाशा होतात याकडे द्यावं.

आता मापं. घरासाठी सगळ्यात सोयीचं माप एचओ, म्हणजे खऱ्याच्या एक सत्त्याऐंशीअंश. या मापात खरा एक किलोमीटर साडेअकरा मीटरचा होतो. बीदर ते कलबुर्गी हुबेहूब मांडायचं तर सव्वा किलोमीटरहून लांब टेबल लागेल. चोवीस डब्यांच्या एक्स्प्रेसला सहा मीटरचा फलाट हवा. दहा बाय बाराच्या खोलीत हे बसत नाही, म्हणून निवड करावी लागते. नेहमीचा निळा आयसीएफ डबा एचओत साधारण साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो. चार डब्यांची डेमू जेमतेम एक मीटर, आणि इंजिनासकट सात डब्यांची गाडी दोन मीटरच्या आत. २०१७ मध्ये या मार्गावर डेमूच धावू लागली, त्यामुळे छोटी गाडी इथे खोटी वाटत नाही. फलाट सव्वादोन मीटरचा धरला की खानापूर खोलीच्या लांब भिंतीवर ऐसपैस बसतं.

रुळांच्या रुंदीचा प्रश्न मात्र प्रत्येक भारतीय छांदिष्टाला छळतो. बाजारातला एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो. तो जगातल्या स्टँडर्ड गेजचा, १४३५ मिलिमीटरचा, सत्त्याऐंशीवा भाग. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याचं एचओ माप होतं १९.३. म्हणजे बाजारचा रूळ जवळपास तीन मिलिमीटर अरुंद. काही जण हाताने स्लीपर कापून, रूळ डाख देऊन खऱ्या रुंदीचा मार्ग तयार करतात. त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार. पण त्यासाठी प्रत्येक चाक, प्रत्येक आस बदलावा लागतो. पहिल्यांदा बांधणाऱ्याने १६.५ वरच थांबावं. टेबल छातीच्या उंचीला ठेवलं की नजर गाडीच्या बाजूवर पडते आणि रुळांची रुंदी कोणाच्या ध्यानात येत नाही.

आराखड्याचं तत्त्व सोपं आहे: गाडी कुठून तरी आली पाहिजे आणि कुठे तरी गेली पाहिजे. भिंतींच्या कडेने पाऊण हात रुंदीच्या फळ्या लावा, दारात उचलता येणारा तुकडा ठेवा. एका भिंतीवर खानापूर. बीदरची आणि भालकीची बाजू खोलीला वळसा घालून समोरच्या भिंतीवर, पडद्याआड, एकमेकींना मिळतात. तिथे तीन-चार लपवलेल्या लाइनींवर गाड्या थांबून राहतात. भालकी आणि कमलनगरच्या मधे मार्ग मांजरा ओलांडतो. तो पूल या वळशावर घ्यावा. हुमनाबादचा फाटा वेगळा काढून डोंगरात घुसवावा. प्रत्यक्षात बोगदा पुढे मरगुत्तीजवळ आहे, खानापुरात नाही. पण अंतर आवळणं या छंदात मान्य आहे, आणि गाडी नजरेआड करायला खऱ्या बोगद्यासारखी दुसरी सोय नाही. बोगद्यामागे दोन आंधळ्या लाइनी ठेवल्या की झालं कलबुर्गी.

वळणं जितकी सैल देता येतील तितकी द्या. लांब डब्यांना ७५ सेंटिमीटरची त्रिज्या हवीच; त्याहून आवळली तर डबे बफरला बफर घासून रूळ सोडतात. चढ मीटरला दोन सेंटिमीटरपर्यंत. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर साडेसात सेंटिमीटर उंची लागते, म्हणजे पावणेचार मीटरचा चढ. छोट्या खोलीत त्या वाटेला जाऊच नये.

बारा मिलिमीटरचं चांगलं प्लायवूड घ्या आणि बसवण्याआधी दोन्ही अंगांना व्हार्निश मारा. आपल्याकडे उन्हाळ्यात रूळ तापून वाढतील अशी धास्ती असते, पण जास्त त्रास लाकूड देतं. पावसाळ्यात ते ओल पितं, वैशाखात सुकून आकसतं, आणि रूळ वाकडे होतात. सांध्यांत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवली की बराचसा प्रश्न मिटतो.

विजेचं काम घाई न करता करावं. जुन्या पद्धतीत रुळांत १२ व्होल्टपर्यंतची डीसी वीज सोडतात. वीज वाढवली की गाडी वेग घेते, टोकं उलटी केली की मागे येते. अडचण अशी, की एका तुकड्यावरची सगळी इंजिनं एकदम धावतात, म्हणून मार्गाचे वेगळे तुकडे आणि तितकीच बटणं लागतात. डीसीसी पद्धतीत रुळांत वीज कायम असते आणि आज्ञा त्याच विजेतून जातात. प्रत्येक इंजिनातल्या चिपला स्वतःचा क्रमांक असतो, आपल्या क्रमांकाची आज्ञा ती तेवढी पाळते. जंक्शनवर एक गाडी उभी ठेवून दुसरी हलवायची असते, म्हणून खानापूरला डीसीसीच शोभते. टेबलाखालून घरच्या वायरिंगची जाड तार दोन पदरी फिरवा आणि दर मीटरला बारीक तार वर नेऊन रुळाला डाख द्या. रुळांच्या जोडपट्ट्यांवर विजेचा भरवसा ठेवू नका. वर्षभरात त्या ढिल्या पडतात. शेवटी रुपयाचं नाणं मार्गावर ठिकठिकाणी दोन्ही रुळांवर आडवं ठेवून बघा. प्रत्येक ठिकाणी कंट्रोलरने तत्काळ वीज तोडली पाहिजे. जिथे तोडत नाही तिथे तार कमी पडते आहे.

इंजिनांचं काय? भारतीय गाड्यांची तयार मॉडेलं फार थोडी, आणि महाग. डब्ल्यूडीजी-४ हे अमेरिकेच्या ईएमडी कंपनीच्या रचनेवरचं इंजिन, डब्ल्यूडीएम-२ अल्को घराण्यातलं. त्यामुळे सहा आसांचा अमेरिकन सांगाडा घेऊन त्यावर प्लॅस्टिकच्या पत्र्याची किंवा थ्रीडी छापलेली काया चढवणं हा मार्ग बरेच जण घेतात.

माझा खरा जीव आहे जमिनीत. बीदरचं पठार जांभ्याचं, माती तांबडी. भालकीकडे आणि कलबुर्गीकडे उतरलं की काळी कसदार जमीन, तुरीची रानं. हा रंगबदल टेबलावर दाखवता आला तर पाटी न वाचताही बघणाऱ्याला टापू ओळखता येतो. बाजारची रंगीत पूड कशाला? मैलूरच्या अंगणातली मूठभर माती पुरते. ती उन्हात वाळवा, कढईत कोरडीच भाजा म्हणजे किडामुंगी आणि ओल जाते, मग वस्त्रगाळ करा. आणि त्यानंतरची पायरी कधीही चुकवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत जोरदार लोहचुंबक घालून तो मातीतून परत परत फिरवा. जांभ्यात लोखंड असतं, आणि त्यातले काही कण चुंबकाला धरतात. पिशवीला काळी लव चिकटलेली दिसेल. हेच कण इंजिनाच्या मोटारीतल्या चुंबकाने ओढून घेतले की मोटार संपली. लव निघेनाशी झाली की माती वापरायला तयार.

बीदरच्या मातीचा मान मोठा आहे. बिदरी कारागीर जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्यावर चांदी जडवतात आणि किल्ल्यातली जुनी माती नवसागरासह पाण्यात उकळून त्यात ते भांडं बुडवतात. धातू काळाभोर होतो, चांदी लखलखत राहते. ती माती त्यांचीच राहू द्या. आपल्याला अंगणातली पुष्कळ.

रुळांखालची खडी काळ्या पाषाणाची. खरी खडी जास्तीत जास्त ६५ मिलिमीटरची, म्हणजे एचओत पाऊण मिलिमीटर: बारीक रव्याएवढी. खडी पसरून, ब्रशने स्लीपरांमधे बसवून, आधी पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. मग निम्मं फेव्हिकॉल, निम्मं पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब असं मिश्रण ड्रॉपरने सोडा. साबणामुळे ते खडीत झिरपतं, नाहीतर वरच गोळा होऊन दाणे हलवतं. तांबडी माती गोंदाने एक छटा गडद होते, म्हणून आधी फळीच्या तुकड्यावर करून बघा. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ गोंद जाता कामा नये. वाळलेला चहाचा चोथा बांधावरच्या पाचोळ्याला, कापलेली सुतळी गवताला, पीळ दिलेली तांब्याची तार बाभळीला. दिवाळीच्या पुढेमागे तुरीला पिवळा फुलोरा येतो. तोच हंगाम धरावा. फाटकावर साखर कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रॅक्टर थांबवावा. आणि स्टेशनची पिवळी पाटी, काळ्या अक्षरांत, कन्नड, हिंदी, इंग्रजी. तिन्ही लिप्या नीट लिहा. कन्नड अक्षरं शेजारच्या कन्नडभाषक मित्राकडून तपासून घ्यावीत.

गाडी नुसती गोल फिरत राहिली तर आठवड्यात कंटाळा येतो. एकेरी मार्ग इथे कामाला येतो. दोन स्टेशनांमधे एका वेळी एकच गाडी असावी यासाठी भारतीय रेल्वेत दशकानुदशकं टोकनची पद्धत होती. दोन स्टेशनांतली यंत्रं विजेने जोडलेली. एकाने लोखंडी गोळा बाहेर काढला की तो परत आत जाईपर्यंत दोन्हीकडून दुसरा निघत नाही. चामड्याच्या खिशात घातलेला तो गोळा वेताच्या कड्याला लावून चालकाच्या हाती देत. घरी तीन बांगड्या पुरतात, बीदर, भालकी आणि हुमनाबाद या तीन दिशांच्या. बांगडी हातात नसेल तर गाडी हलवायची नाही. एक स्टेशनमास्तर, दोन चालक, आणि वेळापत्रक. साठच्या वेगाची गाडी एचओत सेकंदाला १९ सेंटिमीटर जाते, म्हणजे मीटरभर अंतराला पाच सेकंद. मोबाइलच्या घड्याळावर हे तपासता येतं. डेमू लूप लाइनवर घ्यायची, मालगाडी थेट सोडायची, हुमनाबादहून येणाऱ्याला बाहेर थांबवायचं: दोन गाड्या उशिरा आल्या की घरातली तिन्ही माणसं घामाघूम होतात.

रूळ दर आठवड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, काळ्या मातीची धूळ फार बारीक असते.

एखादी भिंत मोकळी राहिलीच तर तिच्यावर लातूरची जुनी बार्शी लाइट रेल्वे घ्या. एव्हरार्ड कॅल्थ्रॉपने आखलेली ही लाइन १८९७ मध्ये सुरू झाली. तिचा अडीच फुटी, ७६२ मिलिमीटरचा रूळ एचओत पावणेनऊ मिलिमीटरचा होतो आणि एन मापाचा ९ मिलिमीटरचा तयार रूळ त्याला जवळपास चपखल बसतो. ब्रॉडगेजला जे माप बाजारात मिळत नाही, ते या छोटीला आयतंच मिळतं.