लोकप्रशासन आणि दुसरी विद्या

सन 2021च्या फेब्रुवारीच्या मध्यास अमेरिकेतील टेक्सस राज्यात जी थंडी पडली, तिने त्या राज्याची सारी विद्युत्‌व्यवस्था काही मिनिटांत संपूर्ण कोसळेल अशा अवस्थेस आणून ठेवली. चाळीस लाखांहून अधिक घरे व दुकाने काळोखात आणि गारठ्यात राहिली. आणि राज्याच्या आरोग्यखात्याने पुढे केलेल्या गणनेप्रमाणे 246 माणसे प्राणास मुकली. या अनर्थाची कारणे पुष्कळ होती. पण त्यांपैकी एक कारण असे आहे की, ते वाचल्यावर राज्यकारभाराविषयी आस्था बाळगणाऱ्या कोणाही माणसाने क्षणभर थांबून विचार करावा. टेक्ससची बरीच वीजकेंद्रे नैसर्गिक वायूवर चालतात, आणि तो वायू नळांतून पुढे ढकलणारी यंत्रे पुष्कळ ठिकाणी विजेवर चालतात. विजेची तूट पडल्यावर भार कमी करण्याचा हुकूम सुटला, तेव्हा ज्या वायुकेंद्रांनी ‘आमची वीज तोडू नये’ असा अर्ज वीजकंपनीच्या दप्तरी वेळेवर दाखल केलेला नव्हता, त्यांचीही वीज इतरांबरोबर तोडली गेली. वायू थांबला, आणि वायू थांबल्यामुळे आणखी वीज गेली. यंत्राला वीज लागते हे अभियंत्यास ठाऊक होते आणि अर्जाचा नमुना कारकुनास ठाऊक होता; परंतु यंत्र आणि अर्ज यांचा संबंध ओळखून तो हिवाळ्यापूर्वी जुळवून आणणे, हे कोणा एकाचे काम ठरलेले नव्हते.

त्याहून खेदाची गोष्ट अशी की, 2011च्या फेब्रुवारीत याच राज्यात अशाच थंडीने वीज गेली होती, तिची चौकशी होऊन यंत्रसामग्रीस थंडीपासून संरक्षण द्यावे अशी शिफारसही संघसरकारच्या नियामकांनी केली होती. पण शिफारस ही सक्ती नव्हे, आणि ती सक्ती करणारा कायदा राज्याच्या विधिमंडळाने 2021च्या दुर्घटनेनंतर केला. टेक्ससने आपले वीजजाळे शेजारच्या राज्यांपासून बहुतांशी अलग ठेवले आहे, ते संघसरकारच्या नियामकांचा अंमल आपल्यावर चालू नये म्हणून. म्हणजे बाहेरून वीज आणण्याचा मार्ग अरुंद राहिला, तो अधिकारक्षेत्राच्या विचारामुळे. आणि त्या दिवसांत घाऊक विजेचा भाव दर मेगावॉट-तासाला 9000 डॉलर या कमाल मर्यादेवर नियामक आयोगाच्या आज्ञेने धरून ठेवलेला होता. अभियांत्रिकी, अर्थशास्त्र, कायदा आणि दप्तरव्यवहार या चारही गोष्टी येथे एकमेकींत अशा गुंतलेल्या आहेत की, त्यांपैकी एकीचाच जाणकार हा प्रश्न सोडवू शकला नसता.

याच टेक्ससच्या राजधानीत, ऑस्टिन येथे, 1970 साली स्थापन झालेले लिंडन बी. जॉन्सन सार्वजनिक कारभार विद्यालय आहे, आणि लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर पदवीबरोबर दुसऱ्या एखाद्या विषयाची पदवी जोडीने घेण्याची जी प्रथा अमेरिकेत रुळली आहे, तिचे स्वरूप समजून घेण्यास ते चांगले उदाहरण आहे. कायदा, व्यवस्थापन, नगररचना, समाजकार्य, आशियाविषयक अभ्यास, ऊर्जा व भूसंपत्ती अशा अनेक विभागांशी या विद्यालयाचा करार आहे. रीत साधारणतः अशी असते: विद्यार्थ्याने दोन्ही विभागांकडे स्वतंत्र अर्ज करावयाचा, दोहोंनी आपापल्या कसोटीने त्याची निवड करावयाची, आणि एका विभागातील काही विषय दुसऱ्याच्या ऐच्छिक विषयांच्या जागी धरून दोन्हींच्या श्रेयांकांत वजावट करावयाची. अशा वजावटीमुळे दोन-दोन वर्षांचे दोन अभ्यासक्रम चारऐवजी तीन वर्षांत, आणि कायद्याच्या तीन वर्षांसह पाच वर्षांचे काम चार वर्षांत पुरे होते. अखेरीस हाती येतात त्या दोन स्वतंत्र पदव्या. संयुक्त पदवी हा निराळा प्रकार असून तीत दोन विभाग मिळून एकच प्रशस्तिपत्र देतात. अर्ज करणाऱ्याने हा भेद नीट पाहून घ्यावा.

त्या विद्यालयातील अभ्यासाचा जो भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो, तो म्हणजे वर्षभर चालणारा धोरण-संशोधन प्रकल्प. एखादे सरकारी खाते किंवा लोकोपयोगी संस्था आपला खराखुरा प्रश्न घेऊन येते, आणि निरनिराळ्या विषयांतून आलेले विद्यार्थी एकत्र बसून, कागदपत्रे तपासून, संबंधितांच्या मुलाखती घेऊन तिच्यासाठी अहवाल तयार करतात. टेक्ससचे विधिमंडळ दर विषम वर्षी नियमित अधिवेशनासाठी भरते, आणि ते अधिवेशन जास्तीत जास्त 140 दिवस चालते. तेवढ्या अल्पावकाशात आमदारांना माहिती पुरविण्याच्या कामी विद्यालयातील विद्यार्थी उमेदवारी करतात. अमेरिकेच्या दक्षिणेतून संसदेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला, स्वतः कायदेपंडित असलेल्या बार्बरा जॉर्डन, लोकप्रतिनिधित्व सोडल्यावर 1979पासून याच विद्यालयात शिकवू लागल्या आणि 1996मध्ये मृत्यू येईपर्यंत शिकवीत राहिल्या. त्यांचा विषय राजकीय नीती हा होता. ज्या बाईंनी संसदेत संविधानाचा अर्थ सांगितला, त्यांच्यापुढे बसून नीती शिकण्याचे भाग्य ज्या विद्यार्थ्यांना लाभले, त्यांचा हेवा वाटावा.

लोकप्रशासनाची ही विद्या फार जुनी नाही. न्यूयॉर्कमध्ये 1907च्या सुमारास नगरपालिकेच्या जमाखर्चाची छाननी करण्यासाठी एक नागरी संशोधनसंस्था निघाली, तिने 1911त लोकसेवेचे प्रशिक्षण देणारी शाळा उघडली, आणि 1924त त्या शाळेचा वारसा सिरॅक्यूज विद्यापीठाच्या मॅक्सवेल विद्यालयाकडे आला. या विद्यालयाचा धागा थेट आपल्या देशापर्यंत येतो. त्याचे अधिष्ठाते पॉल ॲपलबी यांनी 1953त भारत सरकारला प्रशासनाविषयी अहवाल दिला, आणि त्यातील शिफारशीस अनुसरून 1954त दिल्लीस भारतीय लोकप्रशासन संस्था स्थापन झाली. आरंभीची ती शाळा जमाखर्चाच्या वह्यांतून निघाली, ही गोष्ट आम्हांस लक्षणीय वाटते. कारभाराची विद्या पहिल्यापासून कुठल्या तरी ठोस वस्तूला धरून होती, आणि त्या वस्तूपासून ती सुटली की तिच्यात पोकळ परिभाषेखेरीज काही उरत नाही.

दोन विद्यांचा संगम एका बुद्धीत कसा फलद्रूप होतो, याचे उदाहरण मराठी वाचकास दूर शोधावे लागत नाही. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर 1913त कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे अर्थशास्त्र अभ्यासिले, आणि 1916त लंडनला जाऊन एकाच वेळी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी व ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव नोंदविले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917त परत यावे लागले, तरी 1920त पुन्हा जाऊन त्यांनी दोन्ही अभ्यास तडीस नेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास 1923त डी.एस्‌सी. मिळाली, आणि 1925त ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. केंद्र आणि प्रांत यांच्यातील महसुलाच्या वाटपाचा ज्याने इतका बारकाईने अभ्यास केला होता, तोच पुढे संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला, आणि त्या संविधानात 280व्या अनुच्छेदान्वये वित्त आयोगाची तरतूद आली. एक विद्या दुसरीच्या उपयोगी पडते ती अशी.

आता विद्यार्थ्याने सावध राहावयाच्या गोष्टी. एक वर्ष वाचते हे खरे. पण एकाच पदवीच्या मानाने एक वर्ष वाढते हेही तितकेच खरे, आणि त्या वर्षाची फी, निर्वाहखर्च व बुडालेली मिळकत यांचा हिशेब परदेशी जाणाऱ्या मध्यमवर्गीय घराने कर्जाचा कागद करण्यापूर्वी मांडलाच पाहिजे. शिष्यवृत्ती पुष्कळदा एकाच विभागाची असते व दुसऱ्या विभागातील वर्षास ती लागू पडेलच असे नाही. तेव्हा हे लेखी विचारून घ्यावे. आणि ज्यास आपण कोणत्या सार्वजनिक प्रश्नासाठी ही दुसरी विद्या घेत आहोत हे सांगता येत नाही, त्याने दुसरी पदवी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाणीपुरवठ्याचा प्रश्न मनात धरून जलशास्त्र घेणारा, दवाखान्यांची व्यवस्था डोळ्यांसमोर ठेवून आरोग्यशास्त्र घेणारा विद्यार्थी तीन वर्षांत परिपक्व होतो; केवळ नावापुढची अक्षरे वाढविणारा मात्र दोन्ही घरचा पाहुणा राहतो.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022च्या एप्रिलमध्ये दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम एकाच वेळी करण्यास मुभा दिली, हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु ती मुभा मुख्यतः वेळापत्रकाची आहे; दोन विद्यांची सांगड घालण्याचे काम तीत विद्यार्थ्यावरच सोपविलेले आहे. मुंबईत 1926पासून अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था नगरपालिकांच्या सेवकांना शिक्षण देत आली आहे, अभियांत्रिकी, कायदा व वैद्यक यांची जुनी महाविद्यालये तर महाराष्ट्रात जागोजाग आहेत. या संस्थांनी व आपल्या विद्यापीठांनी परस्परांशी करार करून, श्रेयांकांची वजावट ठरवून, लोकप्रशासन आणि नगररचना, लोकप्रशासन आणि जलव्यवस्थापन, लोकप्रशासन आणि सार्वजनिक आरोग्य असे जोडअभ्यासक्रम मराठी मुलांसाठी येथेच सुरू करावेत, आणि ज्या वाचकांचा विद्यापीठांच्या अधिसभांत व विद्यापरिषदांत शब्द चालतो, त्यांनी येत्या वर्षात हा ठराव मांडावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.