घाण्याचं लाकूड आणि देवमाशाची हाडं

या पोरांनो, जवळ सरका. कंदिलाची काच आत्ताच पुसलीय, उजेड चांगला पडेल.

आज एका निळ्या देवमाशाची गोष्ट सांगतो. मासा आपण म्हणायचं, एरवी ती पिलाला दूध पाजणारी, तुमच्या-आमच्यासारखी उष्ण रक्ताची मादी, लांबीला 26 मीटर, म्हणजे दोन एसट्या एकामागे एक लावल्या तरी हिची शेपटी मागं उरलेलीच. कॅनडाच्या पूर्वेला प्रिन्स एडवर्ड आयलंड म्हणून बेट आहे, तिथं टिग्निश गावाजवळ 1987 साली ती मरून किनाऱ्याला लागली. एवढं धूड उघड्यावर कुजणार म्हटल्यावर लोकांनी तिथंच तिला पुरलं, आणि दिवस गेले.

पुढं 2008 साली देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या, व्हँकूव्हरच्या विद्यापीठातली माणसं तिचा सांगाडा न्यायला आली. आता आमचा ढवळ्या बैल गेला तेव्हा वडलांनी त्याला बांधाच्या कडेला पुरला होता, आणि पाच-सहा वर्षांनी तिथं आंब्यासाठी खड्डा घेताना हाडं निघाली ती पांढरीफटक, मुंगीलासुद्धा चाटायला काही उरलं नव्हतं. तेव्हा एकवीस वर्षांत तर काय, असंच कुणालाही वाटेल. पण त्या बेटाची माती तांबडी, चिकण, तिनं आत हवाच जाऊ दिली नाही, आणि हवा नाही म्हटल्यावर कुजवणाऱ्या जिवांचं कामही रेंगाळलं. फावडं लागलं आणि आत मांस तसंच, चरबी तशीच, आणि वास असा की विचारू नका! त्या माणसांनी सुऱ्या घेऊन ते सगळं हातानं सोलून काढलं, हाडं आगगाडीत चढवली आणि अख्खा देश ओलांडून, पुढं पाणी पार करून व्हिक्टोरिया शहरात साफ करायला नेली. मला तर त्या माणसांना हात जोडावेसे वाटतात.

खरी गंमत पुढंच आहे. देवमाशाचं हाड म्हणजे आतून स्पंजासारखं जाळीदार, आणि त्या जाळीत तेल भरलेलं. जिवंतपणी तरंगायला त्याचा हातभार लागतो. आमच्या गावच्या तेल्याचा लाकडी घाणा बंद पडून कित्येक वर्षं झाली होती, तरी चैत्राचं ऊन तापलं की त्या लाकडाला तेलाचा घाम फुटायचा, आणि आम्ही पोरं बोट लावून वास घ्यायचो. हाडाचंही तसंच. ते तेल आत राहिलं तर खवट होतं, हाड काळपटतं, धूळ धरतं, आणि आंबट झालेलं तेल हाडालाच पोखरतं.

मग काय केलं, तर हाडं टाक्यांमधून भिजत घातली, चरबी खाणारे सूक्ष्म जीव कामाला लावले, आणि एवढ्यानंही भागेना तेव्हा तेल विरघळवणाऱ्या द्रवाची वाफ दिली. भाताच्या झाकणाखाली वाफ जमून थेंब कसे ओघळतात? तशी ती वाफ गार हाडावर जमायची आणि ओघळताना तेल घेऊन खाली उतरायची.

मग जोडणी. मणक्यांमध्ये जिवंतपणी कूर्चेच्या गाद्या असतात, त्या तर गेलेल्या; मणक्याला मणका चिकटवला तर देवमाशीण आखूड व्हायची, म्हणून मधलं अंतर मोजूनमापून राखावं लागतं. आणि पुढचा पर म्हणतो ना आपण, त्याच्या आत दंड, मनगट, बोटं, सगळा हात आहे! 2010 साली व्हँकूव्हरच्या त्याच विद्यापीठाच्या बीटी संग्रहालयात, काचेच्या दालनात तिला टांगली. आता ती तिथं हवेत पोहते.

पण तेल एवढं सहजासहजी सोडत नाही बरं का. अमेरिकेत न्यू बेडफर्डला देवमाशांचं संग्रहालय आहे. तिथं 1998 साली जहाजाच्या धडकेनं मेलेल्या एका कोवळ्या निळ्या देवमाशाचा सांगाडा आढ्याला टांगलाय. त्याची हाडंही स्वच्छ केलेली, तरी टांगून दहा-पंधरा वर्षं झाली तेव्हाही तेल पाझरतच होतं. तिथल्या लोकांनी ते पुसून टाकलं नाही. बारीक नळी लावली, खाली काचेची बाटली ठेवली, आणि एकेक थेंब त्या बाटलीत पडत राहिला.