प्लास्टिक, आघात आणि हेल्मेट

आपल्या दाल बाजारातील पेढीवर प्लास्टिकचे घमेले वर्षभर आपटले जाते, तरी शाबूत राहते. परंतु पौषातील एखाद्या पहाटे ते हातातून निसटताच त्यास तडा जातो. असे का व्हावे, याचा उलगडा झाला म्हणजे आपल्या डोक्यावरील हेल्मेटचेही मर्म कळते.

प्लास्टिक म्हणजे अणूंच्या लांबच लांब साखळ्यांचा गुंता होय. हळूहळू दाब दिल्यास या साखळ्या एकमेकींवरून सरकतात. वस्तू वाकते, पण तुटत नाही. आघात मात्र क्षणार्धात होतो. साखळ्यांस सरकण्यास अवसर न मिळून वस्तू तडकते. थंडीत त्या अधिकच ताठरतात. बादल्या व खुर्च्या ज्याच्या बनतात ते साधे पॉलिप्रॉपिलीन शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होऊ लागते, आणि कडाक्याच्या थंडीत ग्वाल्हेरचा पारा पाच अंशांखाली उतरतो. उन्हाळ्यातील प्रखर ऊन तर या साखळ्याच तोडते. म्हणून गच्चीवरील जुनी बादली अल्प धक्क्यानेही फुटते.

घडणीचाही यात वाटा असतो. साच्यात वितळलेल्या प्लास्टिकचे दोन प्रवाह जेथे येऊन मिळतात, तेथील सांधा दुबळा राहतो. टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो, म्हणून जाणते कारागीर तेथे गोलाई ठेवतात.

हेल्मेटचे कवच पुष्कळदा ए.बी.एस. प्लास्टिकचे असते, त्यातील रबराचे सूक्ष्म कण तड्याचा मार्ग अडवितात. परंतु डोक्याचा खरा रक्षक आतील थर्मोकोलसारखा थर होय. सुमारे १.८ मीटर उंचीवरून पडणारे डोके जमिनीवर ताशी २१ किलोमीटर वेगाने आदळते. ते दोन मिलिमीटरांऐवजी वीस मिलिमीटरांत थांबले, तर त्यावरील सरासरी बल एक दशांश होते. हा थर स्वतः चिरडून तेवढे अंतर मिळवून देतो. मात्र एकदा चिरडला की तो पूर्ववत् होत नाही.

म्हणून अपघातात आदळलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये. ते पेट्रोल वा थिनरने पुसू नये, उन्हात टांगून ठेवू नये, आणि हनुवटीचा पट्टा बांधल्यावाचून वाहनावर बसू नये. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटवर आय.एस. ४१५१ या मानकाची आय.एस.आय. मुद्रा बंधनकारक झाली आहे. ती पाहूनच खरेदी करावी. धान्याची पारख आपण मूठभर नमुन्यावरून करतो. हेल्मेटची खरी परीक्षा एकदाच होते, आणि ती आपल्या मुलाबाळांच्या मस्तकावर होते. सभासद बंधूंनी तेथे दोन पैशांची काटकसर करू नये.