कॉन्व्हेंटची पहिली बॅच

मुलींची कॅथलिक माध्यमिक शाळा नव्याने सुरू होते तेव्हा तिच्यात प्रथम दाखल होणाऱ्या विद्यार्थिनींच्या वाट्याला येणारा अनुभव नंतरच्या पिढ्यांना सहसा मिळत नाही, कारण या पहिल्या मुलींना तयार शाळा मिळत नाही. शाळेची घडी त्यांच्या डोळ्यांदेखत आणि बरीचशी त्यांच्याच हातून बसत असते. ठाण्याच्या नौपाड्यासारख्या वस्तीच्या संदर्भात या अनुभवाला आणखी एक पदर आहे. गोखले रोड, राम मारुती रोड आणि घंटाळी या परिसरातील मराठी मध्यमवर्गाला घराजवळ डॉ. बेडेकर विद्या मंदिरासारख्या मराठी शाळा उपलब्ध होत्या आणि तेथील शिक्षणाचा लौकिकही होता. तरीही या घरांतील काही मुली के व्हिला भागातील होली क्रॉस कॉन्व्हेंटसारख्या, सिस्टरांनी चालवलेल्या शाळांकडे वळल्या. तेथे मुलींच्या धर्माचे काय होईल ही पालकांची जुनी धास्ती होती. प्रत्यक्षात बदल झाला तो मुख्यतः भाषेत.

या शाळा चालवणाऱ्या सिस्टर म्हणजे ब्रह्मचर्य, अपरिग्रह आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन एखाद्या धर्मसंघात राहणाऱ्या स्त्रिया. 'कॉन्व्हेंट' हे मुळात त्यांच्या निवासाचे नाव असले, तरी मराठी बोलण्यात ते शाळेलाच चिकटले आहे. शिक्षणाचे काम करणारे असे अनेक संघ एकोणिसाव्या शतकात युरोपातून भारतात आले. फ्रान्समधील लियों येथे १८१८ मध्ये स्थापन झालेला 'जीझस अँड मेरी' संघ १८४२ मध्ये आग्र्याला आणि पुढे मुंबई-पुण्याकडे आला. बेल्जियममधील लिएज येथे १८३३ मध्ये स्थापन झालेल्या 'डॉटर्स ऑफ द क्रॉस' या संघाच्या सिस्टर १८६२ मध्ये कराचीत उतरल्या आणि नंतर त्यांनी वांद्र्यातही मुलींसाठी शाळा काढली. त्या काळी या शाळांत प्रामुख्याने युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि कॅथलिक मुली शिकत असल्यामुळे सामान्य मराठी घराला त्या दुरूनच दिसत.

धर्मांतराच्या भीतीला मराठी समाजात एक ठळक पूर्वपीठिका आहे आणि ती कॅथलिक शाळेतली नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन ही मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होती गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे धोरण संस्थेने जाहीर केले होते. तरी काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. या प्रकरणाची आठवण मराठी मनात इतकी खोल रुतली, की मिशनच्या कोणत्याही शाळेकडे पाहताना पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या मनात पहिली शंका तीच उभी राही.

स्वातंत्र्यानंतर या शंकेचे उत्तर कायद्याने दिले. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला, तर अनुच्छेद २८ ने शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेतील धार्मिक शिक्षणात वा उपासनेत कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असल्यास पालकांच्या संमतीशिवाय, सहभागी करून घेण्यास मनाई केली. याचे दृश्य रूप शाळेच्या वेळापत्रकात उमटले. एकाच तासाला कॅथलिक मुली 'कॅटेकिझम'ला, म्हणजे श्रद्धेची मूलतत्त्वे प्रश्नोत्तरांतून शिकवणाऱ्या वर्गाला, जात. बाकीच्या मुली 'मॉरल सायन्स'च्या, म्हणजे नीतिपाठांच्या, तासाला बसत. विभागणी मात्र अगदी काटेकोर नसे. दुपारी बाराच्या घंटेला कित्येक कॉन्व्हेंटमध्ये 'अँजेलस' म्हटली जाई. येशूच्या जन्माची वार्ता देवदूताने मरियेला दिली त्या प्रसंगाची ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणण्याची परंपरा आहे. घंटा झाली की फळ्यावरचा खडू जिथल्या तिथे थांबे, वर्ग उभा राही, आणि संध्याकाळी घरी देवापुढे शुभंकरोती म्हणणाऱ्या मुलीलाही ते इंग्रजी शब्द ऐकून ऐकून पाठ होत. यातून कोणाचा धर्म बदलल्याचे दिसत नाही, आणि पाठांतराची सवय असलेल्या घरांत या जास्तीच्या पाठांतराचे कोणाला फारसे वाटलेही नसावे.

भाषेचा प्रश्न अधिक कठीण होता आणि तो न्यायालयापर्यंत गेला. मुंबई राज्य सरकारने ६ जानेवारी १९५४ रोजी परिपत्रक काढून इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक वगळता इतर मुलांना नव्याने प्रवेश देण्यास बंदी केली. नाशिकजवळच्या देवळाली येथील बार्न्स हायस्कूल ही शाळा कॅथलिक नव्हती, पण या बंदीचा फटका तिला बसला. ज्यांना प्रवेश नाकारला गेला त्यांत घरी इंग्रजीच बोलणाऱ्या एका भारतीय ख्रिस्ती लष्करी अधिकाऱ्याची मुलगी होती, तसाच एका गुजराती हिंदू डॉक्टरांचा मुलगाही होता. सर्वोच्च न्यायालयाने २६ मे १९५४ रोजी सरकारचे अपील फेटाळले. केवळ भाषेच्या कारणावरून नागरिकाला अनुदानित शाळेचे दार बंद करता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. नौपाड्यातील हिंदू मुलगी पुढे निर्वेधपणे कॉन्व्हेंटमध्ये बसू शकली, तिच्यामागे हा निकाल आहे, आणि तो मिळवण्यात कॅथलिक नसलेली शाळा व ख्रिस्ती नसलेला पालक यांचा वाटा होता, हे सहसा कोणी लक्षात ठेवत नाही.

पुढे या शाळांना मागणी वाढली ती उद्योगांमुळे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि ठाण्यात वागळे इस्टेट उभी राहिली. कारखान्यांबरोबर गोवा, मंगळूर आणि केरळकडून कॅथलिक कुटुंबे ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे आली. केरळी ख्रिस्ती लोकांची संख्या पुढे इतकी वाढली, की त्यांच्या सिरो-मलबार पंथासाठी १९८८ मध्ये कल्याण हा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. ठाण्यातील मूळचे कॅथलिक मात्र पोर्तुगीज अमलापासूनचे. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे घेतल्यानंतरही येथे टिकून राहिलेला आणि १८८७ पासून स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवणारा हा समाज घरात मराठीचीच एक बोली बोलतो. त्यामुळे शाळेच्या पहिल्या वर्गातले चित्र बाहेरून वाटे त्याहून वेगळे असे. ईस्ट इंडियन मुलीला प्रार्थना ओळखीच्या असल्या, तरी शाळेची इंग्रजी तिलाही जवळपास तितकीच परकी होती जितकी नौपाड्यातल्या मुलीला, आणि मधल्या सुट्टीत डबा उघडल्यावर दोघींची गट्टी जमे ती मराठीतून. 'वर्गात मराठी बोलायचे नाही' हा नियम मोडणाऱ्यांची नावे मॉनिटर फळ्यावर लिही. त्यांत दोन्ही समाजांची आडनावे असत.

नव्या शाळेत वरचे वर्ग एकदम सुरू होत नाहीत. सर्वात वरचा वर्ग पुढे सरकतो तसा दरवर्षी एक इयत्ता वाढत जाते. याचा परिणाम असा, की पहिली तुकडी पाचवीत असतानाही शाळेतली सर्वात मोठी असते आणि दहावीतही तीच मोठी असते. तिला वरच्या वर्गाची जुनी पुस्तके मिळत नाहीत, अमुक बाई पेपर कसा काढतात हे सांगणारी ताई मिळत नाही, आणि हेडगर्ल निवडली जाते तेव्हा तिने नेमके काय करायचे हे तिला व सिस्टरांना मिळूनच ठरवावे लागते. प्रयोगशाळेच्या जागी एक कपाट आणि ग्रंथालयाच्या जागी दुसरे कपाट, अशी सुरुवात कित्येक शाळांनी केली आहे. इमारतीच्या निधीसाठी फन फेअर भरे, हाउझी खेळली जाई आणि रॅफलची तिकिटे मुलींकडे विकायला दिली जात. चाळीत दारोदार जाऊन तिकिटे खपवणे आणि पैशांचा चोख हिशेब परत देणे हे काम मध्यमवर्गीय मराठी मुलीला एरवी कोणी सांगितले नसते. बाके हलवणे, मंच उभारणे, ड्रिलला हुकूम देणे ही कामेही मुलींच्या शाळेत मुलींखेरीज करणार कोण? कॉन्व्हेंटने मुलींना धीट केले असे म्हटले जाते, त्याचे श्रेय इंग्रजीला जितके दिले जाते तितके या कामांना दिले जात नाही, आणि ते द्यायला हवे.

शिस्तीचे सारे व्याकरण एका लहान पुस्तकात मावलेले असे. त्याला शाळेत 'कॅलेंडर' म्हणत. त्यात शाळेचे गीत, प्रार्थना, नियम, सुट्ट्यांची यादी आणि शेवटी शेऱ्यांची पाने असत. उशीर, राहिलेला गृहपाठ किंवा रिबिनीचा चुकीचा रंग यांबद्दल लाल शाईत शेरा येई आणि त्याखाली पालकांची सही लागे. इंग्रजी न येणाऱ्या आईला हा शेरा मुलीनेच वाचून दाखवायचा असे, आणि तो वाचताना थोडाफार सौम्य होत असणार हे ओघानेच आले. दोन वेण्या वर बांधलेल्या, पिनाफोर गुडघ्याखाली, बांगड्या नाहीत, मेंदी नाही. नागपंचमीला किंवा मावशीच्या लग्नात मेंदी काढली, तर ती उतरेपर्यंत हात लपवत फिरावे लागे. सुट्ट्यांचेही तसेच होते. मराठी शाळेतली भावंडे दिवाळीत लांबलचक सुट्टी घेऊन किल्ला बांधत असताना कॉन्व्हेंटमधल्या मुलीची सुट्टी लवकर संपे आणि उरलेली तिला नाताळात मिळे, जेव्हा तिच्याबरोबर खेळायला घरात कोणी नसे. धार्मिक तासापेक्षा या मेंदीचा आणि सुट्टीचा सल अधिक होता, कारण तो तास तरी तिला सोडता येत होता.

याच काळात रोमला भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) धर्मसंघांना आपले नियम नव्याने तपासायला सांगितले. अनेक संघांतील सिस्टरांचा घोळदार पायघोळ झगा सुटसुटीत झाला, काहींनी साडी स्वीकारली. झग्यातल्या सिस्टरांना बिचकणारी आई साडीतल्या सिस्टरांशी मुलीच्या गणिताविषयी चार शब्द मराठीत बोलू लागली.

शालान्त परीक्षेची रचनाही बदलत होती. महाराष्ट्रात १९७५ च्या मार्चमध्ये जुन्या अकरावीची आणि नव्या दहावीची शालान्त परीक्षा एकाच वर्षी झाली. पहिला निकाल लागेपर्यंत नव्या शाळेची पत फक्त तिच्या गणवेशावरून ठरत असे. निकाल चांगला लागला, की पुढच्या जूनमध्ये प्रवेशासाठी रांग लागे आणि त्या रांगेत कॅथलिकेतर पालक बहुसंख्य असत. नौपाड्यात डॉ. बेडेकर विद्या मंदिर चालवणाऱ्या विद्या प्रसारक मंडळाने पुढे त्याच परिसरात सौ. ए. के. जोशी इंग्लिश मीडियम स्कूल हे इंग्रजी माध्यमाचे विद्यालयही चालवले, आणि ज्या पालकांना इंग्रजी हवी होती पण कॉन्व्हेंट नको होते, त्यांना घराजवळच वेगळी वाट मिळाली.